घेणाऱ्याचा दलाल

लग्न झाल्यापासून गिरणीवाल्यानं सुनेचं जेवढं कौतुक केलं नव्हतं, तेवढं तिला माहेरी सोडायला आला त्या सकाळी केलं.

"सोनं आहे, व्याही, सोनं," टेम्पोच्या दाराला टेकून तो म्हणाला. "उलट उत्तर नाही, कामाला नकार नाही. गिरणीत उभी राहिली की दोन गड्यांचं काम एकटी उरकायची. अशी मुलगी शोधून सापडायची नाही."

"मग परत कशाला आणलीत?" दलालानं विचारलं.

"परत नाही हो! विश्रांतीला. छातीचं दुखणं आहे. मोकळी हवा पाहिजे म्हणतात, आणि आमच्याकडे सगळी पिठाची धूळ."

ही धूळ लग्नाच्या वेळीही तिथेच होती, पण तेव्हा तिला भरभराट म्हणत.

मुलगी अंगणात गाठोड्यावर बसली होती. उभं राहायचा प्रयत्न तिनं एकदा करून पाहिला होता. तिची पोरगी टेम्पोत आजीच्या मांडीवर होती. एवढीशी आणि सतत चालती म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. आज मुंगीला चालू दिलं नव्हतं. "लागण होईल," विहीणबाई म्हणाल्या आणि काच वर केली. काचेआड मुंगी रडत होती. तिचं उघडं तोंड दिसत होतं, आवाज येत नव्हता. जावई स्टिअरिंग धरून पुढच्या रस्त्याकडे बघत होता. रस्ता सरळ होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

टेम्पो गेला. धूळ खाली बसली. दलालानं मुलीभोवती एक चक्कर मारली.

"बरगड्या वर आल्यात," तो म्हणाला. "मान वाळली. पाय टाकताना डावीकडे झुकते. चारापाणी घालत होते की नुसतीच जुंपत होते हिला?"

"अहो!" आतून आई ओरडली. "माणसासारखं बोला की जरा!"

"बाजारात उभी केली तर कुणी ढुंकून बघायचं नाही," दलाल म्हणाला आणि गाठोडं उचलून आत नेलं. मग तिला उचलून नेलं. तिचं वजन गाठोड्याहून फार जास्त नव्हतं, हेही त्यानं बोलून दाखवलं.

*

गुरांच्या बाजारात दलाल दोन्ही बाजूंचे असतात. हा घेणाऱ्याचा दलाल होता. विकणाऱ्याच्या बाजूनं तो जन्मात बसला नव्हता. विकणारा जनावराचं कौतुक करतो, घेणारा खोड काढतो, आणि खोड काढण्यात याचा हात धरणारा नव्हता. दात बघून वय सांगायचा, चाल बघून दुखणं सांगायचा, आणि दोन्हींत खोड नसली तर जनावराची नजर वाईट आहे म्हणायचा. लोक त्याला खोडकाढे म्हणत. बाहेरगावच्यांना ते आडनाव वाटे आणि ते 'खोडकाढेसाहेब' अशी हाक मारत. तोही ओ देई.

बाजारातली जीभ बाजारात ठेवून घरी यावं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बायको बघायला गेला तेव्हा सासऱ्याच्या तोंडावर म्हणाला होता, "ठेंगणी आहे आणि नाकावर राग दिसतोय." घरी येऊन त्यानं दोन दिवस अन्न घेतलं नाही, ती दुसरीकडे जाईल या धास्तीनं. मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा म्हणाला, "अक्षर बघा, कोंबडी चालून गेल्यासारखं." कौतुक हे समोरच्या पार्टीचं काम. ज्याला एखादी गोष्ट द्यायची असते तो ती वाखाणतो. ज्याला हवी असते तो तोंड वाकडं करतो, कारण हवी आहे असं दिसलं की भाव चढतो.

मुलीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असल्यानं राग कमी होतो असं काही नाही.

*

यंदा चारा संपला होता. माणसं दावणी रिकाम्या करत होती आणि बाजार गुरांनी ओसंडत होता. दलालाला दिवसभर काम असे. तो उन्हातून यायचा, पायावर पाणी घ्यायचा आणि तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायचा. नाकावर फडकं बांधायला आईनं सांगितलं होतं. ते तो गळ्यात बांधायचा.

क्षयाच्या गोळ्या मोठ्या होत्या आणि सकाळी उपाशीपोटी मूठभर गिळाव्या लागत. लघवी लाल होई, तोंडाला लोखंडाची चव येई, आणि जे खाल्लं ते दुपारपर्यंत पोटात राहील याची खात्री नसे. दुपारी पत्रा तापायचा. संध्याकाळी ताप चढायचा तो नेमका बापाच्या येण्याच्या वेळेला.

"डोळे खोल गेले आणखी," तो उंबऱ्यावरून म्हणे.

"जा इथून."

"केसही गळायला लागले. कातडीला चकाकी नाही. आज बाजारात एक म्हैस होती, तिचंही असंच झालं होतं, पण ती निदान रवंथ तरी करत होती."

"आई, यांना घेऊन जा गं!"

"काल वाटी फेकून मारलीस. नेम चुकला. हातात जोर नाही राहिला."

दुसऱ्या वाटीचा नेम चुकला नाही. ती त्याच्या कपाळावर बसली. खोक पडली नाही, पण टेंगूळ आलं. त्यानं ते चाचपलं. "हं," एवढंच म्हणाला आणि उठून गेला. त्या रात्री तो नेहमीपेक्षा जास्त जेवला, असं आईनं चिडून सांगितलं.

शेजारची शिंपीण मात्र चांगलं बोलणारी होती. ती आली की मुलीचा हात हातात घेई. "किती गुणाची गं तू. लहानपणी माझ्या दारातून जायचीस तर कशी हसत जायचीस. कधी कुणाला दुखावलं नाहीस. देवमाणूस होतीस अगदी." शिंपिणीचे डोळे भरायचे. मुलीचेही भरायचे. मग शिंपीण हलकी होऊन घरी जाई आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून पडे. जेवण नको, पाणी नको. सकाळी गोळ्याही नको.

असं दोनतीनदा झाल्यावर दलालानं शिंपिणीला अंगणातच अडवलं.

"काय म्हणालीस? देवमाणूस होतीस?"

"चांगलंच म्हणाले हो, भाऊ."

"होतीस म्हणालीस. माणूस गेल्यावर बोलायचं ते आत्ताच उरकून घेतेस का? तेव्हा वेळ नसणार आहे तुला?"

"तुम्ही तिला रोज म्हैस म्हणता ते चालतं!"

"म्हशीला लोक चारा घालतात."

शिंपिणीनं पदर झटकला आणि गावभर सांगितलं की मुलगी क्षयानं नाही, बापाच्या तोंडानं मरणार. गावाला ते पटलं. बापाच्या तोंडाचा अनुभव गावाला होता.

*

उन्हाळा उतरायला लागला तेव्हा गोळ्यांच्या बाई आल्या आणि थुंकी स्वच्छ आल्याचं सांगून गेल्या. आता लागण नाही, पण गोळ्या सोडायच्या नाहीत. बाईंची पाठ वळताच मुलीनं नवऱ्याला फोन लावला.

"मुंगीला आणून सोडा. मी बरी झाले."

"आईला विचारतो."

"माझी मुलगी आहे. आईला काय विचारता?"

"आई म्हणते, अजून जरा थांबू."

"तुमची आई शेजारीच उभी आहे का?"

पलीकडे गिरणीचा पट्टा फडफडत होता. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता ती एसटीच्या थांब्याकडे निघाली. आपणच जाऊन आणायची. चपला सैल झाल्या होत्या. शेवटच्या घरापर्यंत ती नीट गेली. पुढे चढ होता, एरवी कुणी त्याला चढ म्हणणार नाही असला. त्याच्या मध्यावर ती रस्त्यात बसली. एसटी तिच्या पुढून धूर सोडत गेली.

मागून दलाल येत होता. हातात दावं, दाव्याला कुणासाठी तरी घेतलेली गाय. बाजारात जाणारे आणखी चारपाच जण होते.

"बसकण मारली का?" तो म्हणाला.

तिला बोलण्याइतका श्वास नव्हता.

त्यानं दावं एकाच्या हाती दिलं, तिच्या मागे गेला, एक हात तिच्या काखेत घातला, दुसऱ्यानं पाठीवर थाप मारली आणि जिभेनं टक्‌ टक्‌ केलं. बसलेल्या जनावराला उठवायचा तोच आवाज. तिच्याआधी गायीनं कान टवकारले. लोक हसले.

तिनं उलट्या हातानं त्याच्या तोंडावर मारली.

हसणं थांबलं. दलाल तसाच उभा राहिला, तिच्या काखेतला हात न काढता. "उठली," तो लोकांना म्हणाला. ती खरंच उभी होती. रागानं थरथरत होती, पण पायांवर.

"माझी पोर तिकडे आहे," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला जनावर करून लोकांना हसवता. तुम्ही काही करणार नाही. तुम्हाला फक्त नावं ठेवता येतात."

"तू गेलीस तर तुला दारातून हाकलतील, आणि पोरीची किंमत वाढवतील," तो म्हणाला. "घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या दारात जायचं नसतं. त्यांना येऊ दे."

"विकणारा? ती काय विकायला काढलीय?"

"अजून नाही," दलाल म्हणाला.

*

ते आले. यायचं कारणही त्यांच्याकडे होतं. मुलाचं दुसरीकडे जमत होतं. वकील म्हणाला होता, पहिलीची हरकत नसली की काम सोपं होतं. म्हणून गिरणीवाला, विहीणबाई आणि जावई असे सगळे टेम्पो घेऊन आले. मुंगीला घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तीही आली. तिला विहीणबाईंनी हाताला घट्ट धरलं होतं. अंगणात बाजेवर बसल्यावरही सोडलं नाही.

मुलगी दाराच्या आत उभी होती. फटीतून तिला मुंगीचे पाय दिसले. पोर उंच झाली होती. पायात मुलीनं कधी न बघितलेल्या चपला होत्या. मुलगी पुढे झाली तसं तिच्या आईनं तिचं मनगट पकडलं.

"थांब. त्यांना बोलू दे."

"ते काय बोलणार माहिती आहे मला!"

"मलाही माहिती आहे. थांब."

बाहेर गिरणीवाला कौतुक करत होता. सून म्हणजे सोनं, पण नशीब बघा. तिच्यावर आमचा काही राग नाही. उलट तिच्यासारख्या समजूतदार मुलीची हरकत नसणार, याची खात्रीच होती म्हणून आलो.

"तिची नाही हरकत," दलाल म्हणाला.

आत मुलीनं श्वास रोखला. हरकत तिची नव्हतीच. त्या नवऱ्याला तिनं केव्हाच मनातून धुऊन काढला होता. पण बापानं तिला विचारलं नव्हतं.

"मग झालं तर!" गिरणीवाला खुलला. "पोरीची काळजी करू नका. नात आमच्याकडेच राहील."

"ठेवा की," दलाल म्हणाला. "आम्हाला काय करायचीय?"

आईची पकड सैल असती तर मुलगी त्या क्षणी बाहेर असती. पकड सैल नव्हती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आपल्या बापाचं काय चाललंय ते तिला कळत होतं, शब्दन्‌शब्द कळत होता, आणि तरी एकेक शब्द अंगावर तापलेल्या पत्र्यासारखा पडत होता.

"इकडे ये गं," बाहेर दलाल म्हणाला. त्यानं मुंगीला पुढे ओढलं, हनुवटी धरून तोंड वर केलं. "दात पुढे येणार हिचे. कान केवढे! डावा डोळा जरा तिरका आहे का?"

"नाही हो," विहीणबाई म्हणाल्या.

"आहे. उन्हात बघा. आणि आईचं दुखणं पोरीत उतरतं म्हणतात. रात्री खोकते का?"

"कधीमधी..."

"हं." दलालानं मुंगीची हनुवटी सोडली आणि धोतराला हात पुसला. आत मुलीनं ते हात पुसणं बघितलं. "ठेवा तुम्हीच. तुमचं रक्त आहे. नवी येईल ती करेल हिचं. तिला चालणार आहे ना? विचारलंय ना तिच्या घरच्यांना?"

विहीणबाईंनी गिरणीवाल्याकडे पाहिलं. विचारलं नव्हतं. किंवा विचारलं होतं आणि उत्तर आवडलं नव्हतं. जावई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"तुम्ही म्हणाल तर," गिरणीवाला जरा थांबून म्हणाला, "आईजवळ राहिली तर काही आमची ना नाही."

"नको नको. एक आजारी आहे, त्यात आणखी एक खोकणारी कशाला? शिवाय पोरीची जात. खायला लागणार, ल्यायला लागणार, आणि कामाची होईपर्यंत मी असेन की नाही."

"तसं नाही, व्याही. हुशार आहे हो पोर!"

आत आईनं मुलीचं मनगट दाबलं. बाहेर दलालानं नजर खाली केली आणि आपल्या नखांकडे बघत बसला.

"गाणी म्हणते," गिरणीवाला म्हणाला. "खायचे काही लाड नाहीत. जे द्याल ते खाते. रडत नाही. स्वतःचं स्वतः झोपते. अशी पोर शोधून सापडायची नाही."

माहेरी सोडताना सुनेला तोललं त्याच तराजूत त्यानं नातीला घातलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मुलीच्या डोळ्यांपुढे लाल झालं. विकत होता. तिच्या अंगणात बसून, तिचा चहा पिऊन तो तिची पोर विकत होता, आणि पोर मध्ये उभी राहून ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कपडे आणलेत का हिचे?" दलालानं कंटाळून विचारलं.

कपडे टेम्पोत होते. म्हणजे मनात तेही आलं होतंच. जावयानं पिशवी आणून बाजेवर ठेवली आणि काहीतरी बोलावं म्हणून उभा राहिला.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" दलालानं विचारलं.

"बाबा म्हणतील तसं."

"याला मात्र वर काही दिलंत तरी नको," दलाल गिरणीवाल्याला म्हणाला. गिरणीवाला ही थट्टा समजून हसला.

*

टेम्पो सुरू झाला तशी आईनं मनगट सोडलं. मुलगी बाहेर आली, दाराची चौकट धरून. मुंगी अंगणाच्या मध्यावर पिशवीजवळ उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. हाडांची, विरळ केसांची, आईसारख्या डोळ्यांची ही बाई कोण, याचा ती विचार करत असावी. ती जवळ आली नाही. डावा डोळा तिनं तळव्यानं झाकून धरला होता.

मुलगी तिथेच खाली बसली. मग बापाकडे वळली.

"तिला सगळं ऐकू आलंय."

"मिळाली ना पोर?"

"तिला ऐकू आलंय, बाबा! डोळा झाकून उभी आहे ती. मी पण अशीच उभी राहायचे. हस्ताक्षराची वही पाठीमागे लपवून. तुम्हाला वाटतं, आम्हाला माहिती आहे ना, मग झालं. माहिती असून लागतं ते! मला रोज लागलं. मी त्या रागावर जगले असेन, त्याचे आभार मानायचे का तुमचे? आजारी माणसाला एक शब्द बरा बोलायचा, त्याला काय पैसे पडत होते?"

दलालाचा हात पुन्हा धोतराकडे गेला आणि मध्येच थांबला.

"तिला सांगा. आत्ता. तिच्यात काय चांगलं आहे ते सांगा. माझ्यासमोर."

"अगं..."

"सांगा!" ओरडताना तिला खोकला आला. आई पाणी घेऊन धावली, तिनं तांब्या बाजूला सारला. "नाहीतर मी हिला घेऊन शिंपिणीच्या ओट्यावर जाऊन राहीन. उठायची ताकद आहे मला. तुम्हीच बघितलंय."

दलाल मुंगीसमोर उकिडवा बसला. तिचा हात डोळ्यावरून काढला. डोळा सरळ होता, बाहुली काळी आणि ओली. त्यानं तोंड उघडलं. बाजारात शंभर माणसांत न अडखळणाऱ्या त्या तोंडातून काही येईना. त्यानं मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.

"जरा थांब," तो हलक्या आवाजात म्हणाला. "लांब जाऊ देत त्यांना."

"गेले ते."

"वळणावर असतील. ऐकलं तर परत फिरतील."

मुंगी त्याच्याकडे निरखून बघत होती. मग तिनं हात लांब करून त्याची कानाची पाळी धरली, जरा ओढली, सोडली.

"तुझे कान पण मोठे आहेत," ती म्हणाली. "आणि तुला दातच नाहीत."

आईला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. मुलगी हसली नाही. ती चौकटीला टेकून बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाबा. मी बसलेय."

"बोलतो," दलाल म्हणाला. त्यानं पोरीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. "बोलतो ना. गाडीचा आवाज येतोय अजून."

कसलाही आवाज येत नव्हता.